त्रेचाळीस नगांचे नंबर

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. हे मी सांगते तेव्हा काही लोकांना बढाई वाटते. वाटू दे. वडील पुण्याच्या मार्केट यार्डात हमाल होते, आई तिथेच कांदा निवडायला जायची, आणि मी बी.कॉम. झाले, तेही फर्स्ट क्लासमध्ये. शारजात येऊन मला तेरा वर्षं झाली. हमरिया फ्री झोनमध्ये एक पॅकिंग आणि शिपिंगची कंपनी आहे, तिथे मी डॉक्युमेंटेशन बघते. कुणाच्या ओळखीने लागले नाही. टिकलेही माझ्या कामावर.

काम सांगायला सोपं आहे. लोकांचा माल आमच्या शेडमध्ये येतो. आम्ही तो उघडतो, मोजतो, नव्याने पॅक करतो आणि पुढच्या जहाजावर चढवतो. हात दुसऱ्यांचे, कागद माझा. खोक्यात जे आहे ते कागदावर हवं आणि कागदावर जे आहे ते खोक्यात. मालावर मागच्या प्रवासाचं काहीबाही चिकटलेलं असतं, जुनी लेबलं, खडूच्या खुणा, कुठल्या दुकानाचे आकडे. ते आम्ही काढून टाकतो. कारण तपासणीत कुणी विचारलं की हा नंबर कसला, तर त्याचं उत्तर कागदात पाहिजे. नसलं की कंटेनर अडकला. सुरुवातीच्या वर्षी एका जुन्या स्टिकरपायी माझा कंटेनर नऊ दिवस उन्हात उभा राहिला होता. त्यानंतर मी नियमच केला. आधी साफसफाई, मग मोजणी, मग फोटो. साहेबांनाही तो आवडला. झोनमध्ये आमच्याबद्दल म्हणायचे, त्या मॅडमची फाइल कधी परत येत नाही.

मागच्या वर्षी सप्टेंबरात, एका सोमवारी, अकरा पेट्या आल्या. घर सजवायच्या वस्तू विकणारा एक क्लायंट होता, त्याच्या. बाहेर लिहिलेलं, हँडिक्राफ्ट, माती आणि दगड, वापरलेले. एका नगाची किंमत लावली होती चाळीस दिरहम, म्हणजे आपले नऊशे-साडेनऊशे रुपये. गुरुवारच्या जहाजाने युरोपात जायचं होतं.

पेट्या उघडल्या तेव्हा मीच खाली शेडमध्ये उभी होते, कारण नाजूक माल असला की मी पॅकर लोकांच्या भरवशावर सोडत नाही. आत पेंढा आणि जुनी ब्लँकेटं. त्यातून एकेक बाहेर आलं. तांबडे वाडगे, काठ तेवढे काळे कुळकुळीत. कागदासारख्या पातळ वाट्या, त्यांच्यावर बेडूक रंगवलेले, इतके मजेशीर की मी हसले. हाताची घडी घातलेल्या निळसर बाहुल्या, बोटाएवढ्या. एका मेंढ्याचं दगडी डोकं, कान तुटलेलं. एक उभट सुरई, बूड गोल, म्हणून ती आडवीच ठेवावी लागली. एकूण त्रेचाळीस नग.

मराठी बाईच्या हातात भांडं आलं की ती आधी ते उलटं करते. कुणाचं नाव घातलंय ते बघते. मीही वाडगा उलटा केला. बुडाला नखाएवढी पांढरी पट्टी, तिच्यावर काळ्या शाईत बारीक आकडे, मध्ये एक तिरकी रेघ, आणि वरून पारदर्शक काहीतरी फिरवलेलं. दुसरा वाडगा, तसंच. तिसरा, तसंच. मी मनात म्हटलं, झालं, कुठल्या तरी दुकानाचा स्टॉक नंबर. क्लायंटच्या कागदात या आकड्यांचा पत्ता नव्हता. क्लायंटला फोन लावला. त्याच्या माणसाने पलीकडून सांगितलं, "काढून टाका ना मॅडम, जुन्या मालकाच्या खुणा असतील."

थिनरने एका वाडग्याच्या कडेला करून पाहिलं, डाग पडेल असं वाटलं. मग मला आठवलं, अ‍ॅसिटोन. नेलपेंट काढायचं ते. स्टोअरमध्ये कॅन होता. कापूस घेतला, खुर्ची ओढली आणि स्वतः बसले. पुसलं तर काय सुंदर निघत होतं! नुसता बोळा फिरवायचा, पट्टी अलगद उतरायची, खालची माती जशीच्या तशी.

आमचा फोरमन बिहारचा आहे, तोंडाने तिखट. तो जाता जाता थांबला. "मॅडम, ब्युटी पार्लर खोल लिया?"

"हो. तुझा नंबर शेवटी. तुझं ओरिजिनल तोंड निघायला वेळ लागेल."

सगळे हसले. मीही हसले. दोन तास लागले. एकालाही ओरखडा नाही. मग दुसऱ्यांदा कोरड्या कापसाने पुसून घेतलं, पॅकिंग लिस्ट केली, मार्क्स अँड नंबर्सच्या रकान्यात लिहिलं, नाही, आणि फोटो काढले. त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये मी खुशीत होते, हे मला आज लिहावं लागतंय.

आमच्या गेटवर एक सुदानी गृहस्थ होते. साठीच्या पुढचे, उंच, पांढरी दाढी. सगळे त्यांना हाज्जी म्हणायचे, म्हणून मीही. आठ महिन्यांपूर्वी लागलेले. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची रजिस्टरमध्ये नोंद करायची, दार उघडायचं, लावायचं. अक्षर असं की आपल्याकडच्या जुन्या तलाठ्यालाही लाजवेल. मला ते उस्ताजा म्हणायचे, म्हणजे बाईसाहेब, शिकलेल्या बाईला म्हणतात तसं. तिकडे सरकारी नोकरीत होते एवढंच आम्हाला ठाऊक. कुणी जास्त विचारलं नाही. इथे प्रत्येकजण आधी कुठेतरी काहीतरी असतो.

मंगळवारी दुपारी ते शेडमध्ये पाण्याच्या कूलरपाशी आले. पॅकर लोक वाडगे फोममध्ये गुंडाळत होते. हाज्जींनी ग्लास भरला आणि तोंडापर्यंत नेलेला हात तसाच राहिला. मग ग्लास खाली ठेवून ते टेबलापाशी आले. वाडगा उचलला. मी ओरडणारच होते, पण त्यांची उचलायची तऱ्हा पाहून गप्प बसले. एक हात बुडाखाली, दुसरा कडेला, काठाला बोटही नाही.

त्यांनी तो उलटा केला. अंगठा फिरवला. नाकाशी नेला.

"इथे नंबर होता," ते म्हणाले. त्यांचं इंग्रजी सावकाश होतं, शब्द मोजून ठेवल्यासारखं.

"होता. मी काढला."

"सगळ्यांचे?"

"त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. बघा तुम्ही, एकालाही डाग नाही."

ते बाजूच्या रिकाम्या पेटीवर बसले. मला वाटलं, उन्हाने चक्कर आली. मी फोरमनला पाणी आणायला सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, "उस्ताजा, ते आकडे मी लिहिले होते."

मग त्यांनी सांगितलं. नदीकाठच्या एका गावात तीन खोल्यांचं संग्रहालय. सव्वीस वर्षं ते तिथे भांडारपाल होते. जमिनीतून निघालेली वस्तू त्यांच्याकडे यायची. ती धुवायची, सुकवायची, बुडाला पांढरी पट्टी ओढायची, तिच्यावर निघाल्याचं साल आणि अनुक्रम लिहायचा, वरून लाखेचा हात. तोच आकडा मोठ्या रजिस्टरमध्ये, पुढे वर्णन. युद्ध गावापर्यंत आलं तेव्हा भांडाराला दोन कुलपं लावून ते बायकोला घेऊन निघाले. नंतर शेजाऱ्याचा निरोप आला. एक ट्रक आला होता, कुलपं तोडली. जे नेण्यासारखं होतं ते नेलं. रजिस्टरं मागे राहिली, ती पुढे तिथे मुक्कामाला आलेल्या लोकांनी चुलीत घातली.

"ते इतकं सहज कसं निघालं?" मी विचारलं. का विचारलं देव जाणे. तेव्हा दुसरं काही सुचलं नाही.

"निघायलाच हवं. आम्हाला शिकवलं होतं, नंबर असा लिहा की उद्या बदलायची वेळ आली तर वस्तूला इजा होता कामा नये. अ‍ॅसिटोन आणि कापूस. अगदी तुम्ही केलंत तसंच."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला भांडता आलं असतं. मी भांडणात कच्ची नाही.

त्यांनी फोटो मागितले, पुसण्याआधीचे. मी मोबाइल पुढे केला. त्यात सगळी स्वच्छ बुडं. आधीचे फोटो आम्ही काढतच नव्हतो. ते एकेक फोटो मोठा करून बघत राहिले. बेडकाच्या वाटीपाशी म्हणाले, "हिच्या काठाला आतून एक टवका आहे." मी जाऊन पाहिलं. होता.

"नंबर असता तर इथल्या तपासणीवाल्यांना एक फोन पुरला असता," ते म्हणाले. "आता या नुसत्या वाट्या आहेत. कुणाच्याही. गुरुवारी जहाजावर चढल्या की संपलं. तुम्ही लिहून द्या, की आकडे होते, आणि कसे होते. माझं कोण ऐकणार? मी गेटवरचा माणूस."

मी म्हटलं, "बघते." ऑफिसात राहून हा शब्द जिभेवर बसतो.

वर जाऊन मॅनेजरना सांगितलं. ते मंगळूरकडचे, माणूस वाईट नाही, पण जहाजाची तारीख दिसली की त्यांना दुसरं काही दिसत नाही. "किसने बोला? गेटवाला? कल वो बोलेगा क्रेन भी उसके दादा का है."

"सर, आतला टवका त्यांनी न बघता सांगितला."

"मॅडम, तुम ग्रॅज्युएट हो ना? तो ग्रॅज्युएट जैसा सोचो. क्लायंट का डिक्लरेशन है, तुम्हारी पॅकिंग लिस्ट है. तुम्हारे ही साइन की. खलास."

'तुम्हारे ही साइन की' हे त्यांनी जरा सावकाश म्हटलं.

घरी जेवताना मी विषय काढला. माझे मिस्टर उम्म अल कुवैनला पाइपांच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. त्या महिन्यात तिथे एक शिफ्ट बंद होणार अशी कुजबुज होती. मुलगी दहावीला.

"अगं, वाट्या आहेत त्या," ते म्हणाले. "माणूस मेला असता तर गोष्ट वेगळी."

"माणसं मरतायतच की तिकडे."

"मग वाट्या परत गेल्याने उठून बसणार आहेत का ती? आणि तू तपासणीवाली आहेस की डॉक्युमेंटेशनवाली? उद्या त्यांनी विचारलं, बाई, चोरीच्या मालाचे नंबर तुम्हीच पुसले, तर?"

मुलगी मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "बट मम्मा, डिड यू नो?"

"काय?"

"दॅट इट वॉज स्टोलन. व्हेन यू वाइप्ड इट."

"नाही."

"देन जस्ट से दॅट. व्हॉट्स द बिग डील?"

"हिचं बरंय," मिस्टर म्हणाले. "व्हिसा बापाचा आणि तोंड इंग्लिश."

हसू आलं नाही कुणालाच. त्यांचं चुकत होतं असंही मला वाटलं नाही. भांडी घासताना मला वडिलांनी एकदा सांगितलेली गोष्ट आठवत राहिली. यार्डात पोत्यांवर ज्याचा त्याचा मार्का असतो. वडिलांना अक्षर येत नव्हतं, पण मार्के शंभर ओळखायचे. एका व्यापाऱ्याने त्यांना दुसऱ्याच्या पोत्यांवरचा मार्का ब्रशने घासून त्यावर आपला मारायला लावला होता. तुम्ही नाही म्हणालात ना, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, "मारला. तू बारावीला होतीस." म्हणजे मला घरातून या बाबतीत काही शिकवण मिळाली होती, असं मी म्हणू शकत नाही.

बुधवारी सकाळी मी हाज्जींच्या केबिनमध्ये गेले. केबिन म्हणजे एक एसी, एक खुर्ची आणि रजिस्टर. तपासणीच्या ऑफिसच्या नावाने अर्ज टाइप करून नेला होता. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला.

"चांगलं इंग्रजी आहे," ते म्हणाले. "पण यात लिहिलंय, कामाच्या ओघात खुणा काढल्या गेल्या. कुणी काढल्या?"

"ते महत्त्वाचं आहे का?"

"ते पहिलं तेच विचारतील. आकडे कुणी पाहिले? ज्याने काढले त्याने पाहिले. दुसरा साक्षीदार नाही, उस्ताजा. तुम्ही स्वतःला त्यातून काढलंत, तर उरलं कोण?"

मला राग आला. खरंच आला. त्या पहिल्या वर्षानंतर माझ्या एका फाइलवर लाल पेन फिरलं नव्हतं आणि हा गेटवरचा म्हातारा मला सांगत होता, लिही, मी गाढवपणा केला. मी कागद हिसकावल्यासारखा घेतला आणि वर आले. अर्धा तास नुसती बसले. मग लिहिलं. त्रेचाळीस नगांवर आकडे होते. मी ते स्वतः, अ‍ॅसिटोनने पुसले, मग कोरड्या कापसाने. मी आधीचे फोटो काढले नाहीत. पांढरी पट्टी, काळी शाई, तिरकी रेघ, वरून लाख. एकही आकडा मला पूर्ण आठवत नाही. हे शेवटचं वाक्य सगळ्यात जड गेलं. कंटेनरचे अकरा-अकरा अक्षरी नंबर मला तोंडपाठ असतात. पण हे आकडे मी वाचलेच नव्हते, नुसते पुसले होते.

मॅनेजरना न विचारता मी ते तपासणीच्या ऑफिसात पाठवलं. पाठवून झाल्यावर त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी शेडला काडी लावून आले होते. "यल्ला," म्हणजे चला, एवढंच म्हणाले, "अब भुगतो."

गुरुवारी सकाळी अधिकारी आले. पेट्या थांबवल्या. त्यांच्यात जुन्या वस्तूंच्या जाणकार अशा एक बाई होत्या. वागणं अदबीचं, कुणावर आवाज नाही. त्यांनी जांभळ्या प्रकाशाचा एक दिवा आणला होता, त्याखाली एकेक बूड धरलं. मी मागे उभी. कुठे कुठे फिकट चौकोन उमटायचा, पट्टी होती तिथे.

"काहीतरी होतं, हे दिसतंय," त्या म्हणाल्या. "काय होतं, ते दिसत नाही. तुम्ही फार नीट पुसलंय."

हाज्जींना बोलावलं. त्यांनी त्रेचाळीस वस्तूंपैकी एकेक हातात न घेता ओळखली. ही कुठल्या खड्ड्यातून निघाली, हिचा टवका कुठे, हिला जोडताना कुणी डिंक जास्त लावला. बाई लिहून घेत होत्या. मग विचारलं, रजिस्टर? जळलं. फोटो? भांडाराच्या कॉम्प्युटरमध्ये होते, तोही गेला. दुसरा कुणी भांडारपाल? एक होता, त्याचा पत्ता नाही.

शेवटी ती गोल बुडाची सुरई आली. तिच्या बुडाला पट्टीची खूण नव्हती. बाईंनी दिवा गळ्यात आत घातला आणि थांबल्या. गोल बूड घासलं जातं म्हणून हाज्जींनी तिचा आकडा गळ्याच्या आत लिहिला होता. बाहेरच्या बाजूला शेंदरी रंगाची काही अक्षरं होती, ती मी नंबर समजून पुसत बसले होते. ती मधल्या कुणीतरी घातलेली खूण निघाली. आत मी पाहिलंच नव्हतं.

बाईंनी हाज्जींना दाराबाहेर उभं केलं आणि कागद-पेन दिलं. "आठवतो तो आकडा लिहा." त्यांनी लगेच लिहिला. बाईंनी तो कागद सुरईच्या गळ्याशी धरला. आकडा तोच, आणि तिरकी रेघ ओढायची लकबसुद्धा तीच. फोरमन हळूच म्हणाला, "मशाल्ला, हाज्जी."

मला वाटलं, सुटलो. एक खरा निघाला म्हणजे बाकीचेही खरेच. मी तसं बोलूनही दाखवलं. बाई म्हणाल्या, "मला पटतंय हो. मला पटून भागत नाही."

त्यानंतर अकरा आठवडे पेट्या एका बाजूच्या खोलीत कुलपात राहिल्या. क्लायंटचा वकील आला. त्याने जुनी पावती आणली, कुठल्या तरी घरातला जुना संग्रह विकत घेतल्याची. सुरई चुकून त्यात आली असावी, ती आम्ही सोडतो, म्हणाला. बाकीच्यांसाठी तिकडच्या सरकारी खात्याकडून मागणीचं पत्र यायला हवं होतं. इथून पत्रं गेली, फोन गेले. त्या खात्यात फोन उचलायला कुणी उरलं नव्हतं. हाज्जी रोज संध्याकाळी सुटल्यावर आपल्या मोबाइलवरून ओळखीच्यांना शोधत बसायचे. कैरोत एक, दक्षिण सुदानच्या जुब्यात एक, एक चाड देशातल्या छावणीत. "इन्शाल्ला, उद्या बोलतो म्हणाला," असं मला सांगायचे. मी मान हलवायची. काही आठवड्यांनी मी विचारणं सोडलं, आणि त्यांनी सांगणं.

माझ्यावर कारवाई झाली नाही. तसं म्हणायचं तर झाली. माझ्या फाइली आता एका नव्या मुलीच्या टेबलावरून जातात, ती एमबीए आहे. ती लाल पेन वापरते. मिस्टरांच्या कारखान्यातली शिफ्ट बंद झाली, त्यांची राहिली. शिफ्टचा त्या अर्जाशी काही संबंध नव्हता, पण त्या दिवसांत मला प्रत्येक गोष्टीचा त्याच्याशी संबंध वाटायचा.

मग एक दिवस कागद आला. सुरई इथेच सुरक्षित राहील, तिकडे परिस्थिती सुधारली की जाईल. बाकीच्या बेचाळीस नगांबद्दल पुरावा नाही, ते मालकाला सोडावेत. त्या जाणकार बाईंनी मला स्वतः फोन केला, एवढं खरं. "तुम्ही लिहिलं म्हणून एक तरी थांबली," त्या म्हणाल्या. मी थँक यू म्हटलं. फोन ठेवल्यावर मला हिशेब उलटाच दिसत राहिला. मी पुसलं म्हणून बेचाळीस चालल्या होत्या.

मॅनेजर म्हणाले, रिलीजचे कागद तुम्हीच करा. शिक्षा म्हणून म्हणाले की सवयीने, मी विचारलं नाही. नवी पॅकिंग लिस्ट केली. पेट्या पुन्हा भरल्या, पुन्हा फोम, पुन्हा चिकटपट्ट्या. फोरमन त्या दिवशी एकही टोमणा न मारता काम करत होता. दुपारी चारला ट्रक भरला. गेटपासवर डॉक्युमेंटेशनची सही लागते, म्हणून मी कागद घेऊन स्वतः गेटपर्यंत चालत गेले. बसल्या जागेवरून पाठवता आला असता.

हाज्जी केबिनमध्ये होते. त्यांना माहीत होतं. मी गेटपास पुढे केला, त्यांनी वाचला, पेट्यांची संख्या ट्रकवर नजर टाकून मोजली, आणि रजिस्टरमध्ये लिहायला लागले. ट्रकचा नंबर, ड्रायव्हरचं नाव, पेट्या, वेळ. अक्षर नेहमीसारखंच. मी म्हटलं, "हाज्जी, मला..." त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"सही इथे, उस्ताजा."

मी केली.

ते बाहेर आले, दाराचं कुलूप काढलं, पण दार लगेच उघडलं नाही. ट्रकच्या खिडकीपाशी गेले. ड्रायव्हर पठाण होता, तंबाखू मळत बसलेला.

"भाई," हाज्जी त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाले, "धीरे जाना. बाहर तीन ब्रेकर है. तीनों पर बहुत धीरे."

"क्यूं हाज्जी, अंडा भरा है क्या?"

"अंडे से पतला."

"किसका माल है?"

हाज्जींनी मागच्या पेट्यांकडे पाहिलं. ड्रायव्हरने त्यांच्याकडे नीट पाहिलं, मळलेली तंबाखू परत डबीत ठेवली आणि म्हणाला, "ठीक है चाचा. फिकर मत करो."

दार उघडलं. ट्रक बाहेर पडला. पहिल्या ब्रेकरवर तो जवळजवळ थांबला, मग पुढची चाकं, मग मागची, असा अलगद उतरला. दुसऱ्यावरही तसाच. हाज्जी दाराचा लोखंडी दांडा धरून उभे होते. तिसऱ्या ब्रेकरवरून मागची चाकं खाली येईपर्यंत ते तसेच उभे राहिले, आणि मग त्यांनी दार लावून घेतलं.